वाटीतली मुंगी

मला हिवताप झाला होता, यात सांगण्यासारखं काही नाही. त्या काळी आंजर्ल्यात हिवताप कुणाला होत नसे? नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीगणिक विहीर, विहिरीशेजारी पाण्याची दोण, आणि दिवेलागण झाली की डासांचं भजन सुरू. पाऊस सरला की घरटी कुणी ना कुणी कुडकुडत पडलेलं असायचंच. पुरुष तापला तर पोस्टातून क्विनाइनची पुडी यायची, ती गुळात घालून गिळायची, तोंड वेडंवाकडं करायचं, आणि चार दिवसांनी माणूस पुन्हा वाडीत शिंपण्याला हजर.

पण मला ताप आला तेव्हा मी पोटुशी होते, आणि तोच उलटून आला तेव्हा अंगावर पिणारी मुलगी होती. म्हणून हे लिहिते आहे. तापापेक्षा, त्या तापात काय घ्यावं, काय घेऊ नये आणि ते विचारावं कुणाला, यातच आमचा जीव अधिक गेला. हल्ली सुना-लेकी मला विचारतात, "काकू, तुमच्या वेळी काय करायचात हो?" त्यांना वाटतं, जुन्या बायकांना सगळं ठाऊक असायचं. ठाऊक पुष्कळ होतं. त्यातलं खरं कुठलं, एवढंच ठाऊक नव्हतं.

थंडी

घरात आम्ही दोघीच, सासूबाई आणि मी. यजमान मुंबईला एका पेढीवर नोकरीला, वर्षातून दोनदा यायचे. माझं माहेर मंडणगडाकडचं, डोंगरातलं. आई माझ्या लग्नाआधीच गेलेली. त्यामुळे पहिलटकरीण असूनही बाळंतपण सासरीच करायचं ठरलं होतं.

सातवा महिना होता. तांदूळ निवडता निवडता पाठीतून कळ गेली आणि दात वाजायला लागले. सूप हातातून पडलं. सासूबाईंनी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या माझ्या अंगावर घातल्या. तरी मी हलतच होते, खाली बाज करकरत होती. गोधड्या संपल्या तशा सासूबाई स्वतःच माझ्या अंगावर ओणव्या झाल्या, पोटावर भार येणार नाही अशा बेतानं, आणि मला घट्ट धरून राहिल्या. "हल किती हलायचं ते," म्हणाल्या, "मी काय उडून जात नाही." थंडी गेली, ताप चढला, घाम फुटला, तोवर त्या तशाच होत्या.

या बाईशी माझं पटायचं नाही, हे सांगून ठेवते. मीठ कमी का, पदर कुठे, एवढ्या मोठ्यानं का हसलीस, सकाळपासून चालायचं. पण त्या दिवशी त्यांच्या अंगाला चुलीच्या धुराचा आणि खोबरेल तेलाचा वास येत होता, आणि मला माझी आई आठवली होती.

शेजारच्या काकूंनी क्विनाइनचं सुचवलं. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. "नको हो. उष्ण असते ती पुडी. पोर पाडील. रोगापेक्षा इलाज भयंकर व्हायचा." मग गुळवेलीचा काढा झाला, देवाला अभिषेक झाला, कड्यावरच्या गणपतीला नारळ झाला. ताप एक दिवसाआड येत राहिला आणि मग कंटाळल्यासारखा थांबला. आम्ही म्हटलं, गेला.

मुलगी झाली ती मुठीएवढी. पण प्यायची अशी की सासूबाई हसायच्या, "ही आपल्या बापावर गेलीय, पानावरनं उठायचं नाव नाही." तिचं नाव सुमती ठेवलं. आम्ही सुमी म्हणायचो.

मुंगी

बाळंतपणाचा महिना सरतोय न सरतोय तोच थंडी परत आली. या खेपेला डोळ्यांपुढं अंधारी यायची, डाव्या कुशीत दगड ठेवल्यासारखं जड वाटायचं. आता पोटात मूल नव्हतं, म्हणून सासूबाईंनी आपण होऊन पोस्टातून पुडी आणवली. मी घेतली. कान किर्र वाजायला लागले.

दोन दिवसांत सुमी अंगावर प्यायला कुरकुर करू लागली. तोंड लावायची, सोडायची, रडायची. पोटही बिघडलं.  मग एका सकाळी सासूबाई चांदीची छोटी वाटी माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "राधे, थोडं दूध काढ हीत."

आमच्याकडे तेव्हा अशी रीत होती की बाळंतिणीच्या दुधाचा संशय आला तर ते वाटीत काढून त्यात मुंगी सोडायची. मुंगी पोहून काठाला लागली तर दूध चांगलं. बुडाली तर दूध नासलं, मुलाला विष. मी दूध काढलं. सासूबाईंनी अंगणातल्या जास्वंदीवरची एक काळी मुंगी धरली आणि अलगद वाटीत सोडली. ती पाय मारत राहिली. एका बाजूला कलली. मग हलेना.

मी सासूबाईंकडे बघत होते. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, यांनाच थंडी भरतेय.

"औषध उतरलं गो दुधात," त्या म्हणाल्या. "आता पाजायचं नाही."

"मग मी औषध सोडते."

"आणि मेलीस म्हणजे? दूध पाजायला मागे कोण राहील?"

इकडे आड, तिकडे विहीर. औषध घेतलं तर मुलीला दूध नाही, दूध द्यायचं तर मला औषध नाही. सासूबाईंनी निवडलं ते मला वाचवायचं, हे आज मला कळतं. त्या दिवशी मात्र मला एवढंच दिसलं की त्यांनी माझ्या मांडीवरून माझी मुलगी उचलली.

सुमीला बोंडल्यानं, चोचीच्या भांड्यानं, गाईचं दूध सुरू झालं, निम्मं पाणी घालून. रात्री झोपावी म्हणून बाळगोळी सुरू झाली; ती तेव्हा घरोघर असायची. मला छातीत गाठी आल्या. ती पलीकडे रडली की इकडे माझी चोळी भिजायची. मी भिंतीकडे तोंड करून पडायची.

आणि औषधं! तापलेली बाळंतीण म्हणजे गावाची इस्टेट. एकीनं भस्म आणून दिलं, मधातून चाटायचं. वैद्यबुवांचा काढा होताच. यजमानांनी बोटीनं येणाऱ्या एका गाववाल्याबरोबर मुंबईहून ताकदीच्या औषधाची बाटली पाठवली, तिच्यावर गुबगुबीत गोऱ्या मुलाचं चित्र. घेतलं की डोकं हलकं व्हायचं आणि मी उगीच हसायची. शिवाय आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, ओवा. मी नको कशालाच म्हटलं नाही. पी हळद नि हो गोरी, अशी माझी अवस्था होती. यातल्या एकानं तरी मी लवकर बरी होईन आणि मुलगी परत मिळेल, एवढीच आशा.

ताप जाईना. सुमी मात्र रडेनाशी झाली. आम्हाला वाटलं, गाईचं दूध मानवलं, पोरगी शांत झाली.

टोपली

सासूबाई सुमीला पायांवर घेऊन तेल लावत होत्या. मी उंबऱ्यात टेकून बघत होते. लावता लावता त्यांचा हात थांबला. सुमीच्या मांडीची कातडी त्यांनी दोन बोटांत धरली, ती सोडल्यावरही तशीच चिमटलेली राहिली.

"असली मांडी मी आधी एकदा पाह्यलीय," त्या म्हणाल्या.

कुणाची, ते मी विचारलं नाही. त्यांचा आवाज विचारण्यासारखा नव्हता.

तेल तसंच ठेवून त्या उठल्या. "चल. दापोलीस जाऊ, डॉक्टरकडे."

सासूबाई लग्नकार्याशिवाय खाडीपलीकडे कधी गेल्या नव्हत्या. परक्या पुरुषाला बाईनं प्रकृती दाखवायची, हे त्यांच्या रीतीत बसणारं नव्हतं. पण शेजारच्या काकू त्या डॉक्टरांकडे जाऊन आलेल्या. त्या म्हणाल्या, तो मनुष्य आधी विचारतो, घरी काय काय घेता. "माझ्या नाही लक्षात राहायचं," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी फुलांची टोपली रिकामी करून तीत सगळंच भरलं: पुड्या, भस्म, काढ्याची शिशी, मुंबईची बाटली, बाळगोळ्यांची डबी, लाडू, शोपा, वर बोंडलं.

तरीतून खाडी ओलांडली. तरवाल्या खलाशानं सुमीकडे एकदा पाहिलं आणि आपलं पानांचं इरलं तिच्यावर धरायला सासूबाईंच्या हातात दिलं. पुढे बैलगाडी. चढणीला बैल धापा टाकत होते आणि मी गाडीत आडवी. सासूबाईंच्या एका मांडीवर माझं डोकं, दुसरीवर सुमी, आणि टोपली पायांत. वाटेत सासूबाई दर थोड्या वेळानं सुमीच्या नाकापुढं बोट धरायच्या. श्वास लागला की बोट काढायच्या.

डॉक्टर म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले म्हातारे गृहस्थ, ओटीवर बसून रोगी बघायचे. त्यांच्या पत्नीनं मला आत आडवं केलं. डॉक्टर दारात खुर्ची घेऊन बसले. ते मला विचारत आणि उत्तर सासूबाई देत.

"थंडी किती वेळानं येते?"

"दिवसाआड येते."

"अन्न जातं का?"

"जात नाही. हट्टी आहे मेली."

"जीभ दाखवा."

सासूबाईंनी स्वतःची दाखवली. डॉक्टरांच्या पत्नीला हसू आवरेना, आणि तापातही मला आलं. डॉक्टर मात्र गंभीरपणे म्हणाले, "तुमची उत्तम आहे, आजी. आता सुनेची बघू."

त्यांनी माझी डावी कूस दाबून पाहिली. पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली होती. मग सुमीला हातात घेतलं, पापणी उघडून पाहिली, पोट दाबलं, आणि तिला परत देताना त्यांचा चेहरा हसरा राहिला नव्हता. "हिला काय देता?"

सासूबाईंनी टोपली पुढं केली.

ती टोपली त्यांनी जशी रिकामी केली तसं कुणाला काही करताना मी तोवर पाहिलं नव्हतं. एकेक वस्तू हातात घेत, वास घेत, विचारत. हसले कशालाच नाहीत. बाळगोळ्यांची डबी प्रथम बाजूला काढली. "यात अफू आहे. मूल शांत झालेलं नाही, गुंगलंय. आजपासून बंद." मुंबईची बाटली हुंगली. "यात ताकद थोडी आणि दारू फार. अंगावर पाजणाऱ्या बाईनं घ्यायची नाही." आळीव, शोपा, लाडू त्यांनी सासूबाईंकडे परत सरकवले. "हे भूक लागेल तसं खाऊ दे." भस्माची पुडी मात्र हातात उलटसुलट करून पाहत राहिले.

"हे वाईट आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

"मला ठाऊक नाही, आजी. यात काय घातलंय ते देणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. तान्ह्या मुलाच्या आईला, ठाऊक नसलेलं नको."

डॉक्टरानं ठाऊक नाही म्हणावं, याचं सासूबाईंना फार नवल वाटलं. पण मला वाटतं, त्यांचा विश्वास बसला तो तिथंच.

शेवटी क्विनाइन. "हे चालू राहणार. पण मापानं, मी सांगेन तेवढंच. आणि तिचं माप तिचं. उद्या शेजारची तापली तर यातलं तिला द्यायचं नाही, तिनं यायचं."

"पोटुशी होती तेव्हाही आला होता ताप," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मी देऊ दिलं नाही."

"तुमची भीती अगदीच खोटी नव्हती. भरमसाट दिलं असतं तर घात झाला असता. पण तापानंही घात होतो. तेव्हाच विचारायला यायचंत." मग ते उठता उठता म्हणाले, "मुलीला आजपासून आईच्या अंगावर घ्या. तिला दुसरं औषध नको."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "पण दूध नासलंय हिचं. औषध उतरलंय. मुंगी बुडाली."

"औषध उतरतं, पण अगदी थोडं. आधी पाजायचं, मग औषध घ्यायचं. चवीनं कुरकुरली तर कुरकुरू दे. आणि मुंगी," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "मुंगी कुठल्याही दुधात बुडते."

"कुठल्याही?"

"कुठल्याही."

"निरोगी बाईच्या, औषध काहीच न घेणाऱ्या बाईच्या?"

"आजी, मुंगी पाण्यातही बुडते. एखादी काठाला लागते, तिचं नशीब. दुधाचा त्यात काही संबंध नाही."

सासूबाई खाली वाकल्या. टोपलीत उरलेल्या वस्तू नीट लावत बसल्या. लावलेल्या पुन्हा काढून पुन्हा लावल्या.

दूध

डॉक्टरांच्या परसात लांबून आलेल्यांसाठी एक खोली होती, तिथं आम्ही राहिलो. सकाळ-संध्याकाळ त्यांच्या पत्नी माप घेऊन यायच्या. मी घेतलं की कानात घंटा सुरू. तोंड असं कडू की पाणीही कडू लागायचं. ज्या बाईला हे भोगायचं आहे तिला सांगते, कानातल्या घंटेला भिऊ नका, पण डॉक्टरला सांगा. मी सांगितलं, त्यांनी माप थोडं उतरवलं.

दूध लगेच आलं नाही. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. आटत आलेलं दूध माणसाची परीक्षा बघतं. गोळी बंद झाल्यावर सुमी जागी झाली आणि रडू लागली; तिच्या रडण्यानं मला इतका आनंद झाला की मीही रडले. पण ती बोंडल्याला सोकावलेली, अंगावर धरेना. धरलं तर येईना. मी कंटाळून म्हटलं, "नसेलच आता काही." डॉक्टरांच्या पत्नी म्हणाल्या, "ओढत राहील तसं येईल. विहीर उपसल्याशिवाय झरा फुटतो का?" मधल्या वेळी त्या स्वतः उकळलेलं दूध चमच्यानं द्यायच्या. बोंडलं त्यांनी आम्हाला परत दिलंच नाही.

सासूबाई या सगळ्यात होत्या आणि नव्हत्या. माझी पाठ शेकायच्या, मुलीची दुपटी धुवायच्या. पण मी पदराखाली सुमीला घेतलं की उठून बाहेर जायच्या. मला वाटलं, डॉक्टरांचं त्यांना पटलेलं नाही. मनातून भीती होती की घरी गेल्यावर वाटी पुन्हा निघणार.

मग एका दुपारी सुमी पिता पिता थांबली, आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून दुधाचा ओघळ गालावर आला. जास्त झालं म्हणून ओघळलं. एवढ्याशा ओघळाकडे मी बघतच राहिले.

ताप उतरला, थंडीची एक पाळी चुकली, पुढचीही चुकली. डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं. औषध पुढे किती दिवस घ्यायचं ते बजावलं, आणि ते संपायच्या आत सोडायचं नाही, हे सासूबाईंकडून तीनदा वदवून घेतलं.

वाट्या

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी, जेवणं झाल्यानंतर, मी सुमीला घेऊन मागील पडवीत गेले. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर तीन वाट्या. एकीत गाईचं दूध, एकीत विहिरीचं पाणी, एकीत शहाळ्याचं. तिन्हींत एकेक काळी मुंगी, मेलेली.

मी उभीच राहिले. त्यांनी वर पाहिलं नाही.

"माझी पहिली मुलगी होती," त्या म्हणाल्या. "आवडी. तुला कुणी बोललं नसेल. माझ्या सासूबाईंनी अशीच वाटी आणली होती. पोरीचं पोट बिघडलं होतं जरासं. मुंगी बुडाली. मग तिला काढून घेतली माझ्याकडनं. बोंडल्यावर ठेवली." त्यांनी बोटानं एक वाटी थोडी दूर सारली. "मांड्या अशाच झाल्या होत्या गो. दिवाळी नाही पाह्यली तिनं."

मी खाली बसले.

"ती गेल्यावरही माझी चोळी भिजायची. मला वाटायचं, विष गळतंय. मी न्हाणीत जाऊन पिळून टाकायची, आणि वर राख टाकायची, कुणा जनावराच्या पायाखाली येऊ नये म्हणून. पुढं तुझा नवरा झाला. त्याच्या वेळी मुंगी वाचली. मी म्हटलं, आता सुधारलं असेल."

इतकी वर्षं ही बाई माझं मीठ मोजत होती, पदर बघत होती, आणि हे पोटात घेऊन वावरत होती. मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

मग त्यांनी चांदीची वाटी पदरानं पुसली आणि माझ्यापुढं ठेवली. "थोडं काढ."

 "आई, आता पुन्हा कशाला?"

"काढ तर खरी."

मी काढलं.  त्यांनी वाटी उचलली, जास्वंदीकडे गेल्या नाहीत, इकडेतिकडे मुंगी शोधली नाही. करंगळी दुधात बुडवली आणि जिभेला लावली. डोळे मिटून चव घेत राहिल्या.

"गोड आहे गो," म्हणाल्या.

आणि मग, सुमीला माझ्या मांडीवर नीट ठेवत, तिचं तोंड माझ्या छातीकडे वळवून देत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझंही असंच असणार."